फोटो दाखवावा तो कोणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एके काळी छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवून वापरावा लागे. तो धुवून हातात येईपर्यंत चार दिवस जीव टांगणीला. आता खिशातल्या मोबाइलवर छत्तीस फोटो चहा थंड व्हायच्या आत निघतात आणि लगेच पाहताही येतात. मात्र एक गोष्ट तेव्हा जितकी अवघड होती, तितकीच आजही आहे. आपण काढलेला फोटो खरोखर चांगला आहे की नाही, हे आपले आपल्याला कळणे.

मग आपण तो दुसऱ्याला दाखवतो. घरचे म्हणतात, ‘छान आलाय.’ मित्र मोबाइलवर अंगठा उंचावतात. शेजारचे काका विचारतात, ‘कॅमेरा कितीचा?’ सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातून फोटो काढणाऱ्याला काहीच मिळत नाही. पुढच्या रविवारी तो जातो आणि तसाच फोटो पुन्हा काढतो. निसर्गचित्रणाची हौस असलेली कितीतरी माणसे दहा-दहा वर्षे एकाच पायरीवर थांबलेली दिसतात, ती मेहनत कमी पडते म्हणून नव्हे. त्यांना खरे सांगणारे कोणी भेटलेले नसते.

आपला दोष आपल्याला का दिसत नाही? पहाटे पाचला उठून तुम्ही नदीवर गेलेले असता. बोटे गारठलेली असतात, पक्ष्यांचा कलकलाट चाललेला असतो, पूर्वेला हळूहळू उजळत असते. पुढे घरी बसून फोटो पाहताना हे सगळे तुमच्या मनात जागे होते आणि फोटोत नसलेली गारठ्याची, आवाजाची भर तुमची आठवण घालते. दुसऱ्याजवळ ती आठवण नसते. त्याच्यासमोर फक्त एक चौकट असते. त्या चौकटीत जे उतरले तेवढेच त्याला दिसते. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. आणि ते शक्यतो स्वतः फोटो काढणाऱ्याचे असावेत, कारण काय जमले नाही आणि ते कशाने जमेल, हे दोन्ही तो सांगू शकतो.

हे एका गावाच्या आधाराने सांगतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसरनंतर लोणी काळभोर लागते. तुकोबांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम इथलाच. उत्तरेला मुळा-मुठा, दक्षिणेला खडकवासल्याहून येणारा नवा मुठा उजवा कालवा, मधून महामार्ग आणि दौंडकडे जाणारी रेल्वे. उसाची शेते आहेत, तशाच तेल कंपन्यांच्या गोल टाक्याही आहेत. टेकड्यांकडे वळले की पाण्याने वेढलेले रामदऱ्याचे शिवमंदिर. आणि नदीकाठी कवडीपाट. टोलनाक्यामुळे हे नाव रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक झाले, पण पक्षी पाहणाऱ्यांना ते त्याच्याही आधीपासून माहीत होते. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, धोबी येतात, शेकाट्या तर पाण्यात कायम फिरताना दिसतात.

या भागातले आम्ही सात-आठ हौशी लोक महिन्यातून एकदा एकत्र बसतो. एक जण शाळेत चित्रकला शिकवतात, एकाचे झेरॉक्सचे दुकान आहे, एक रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, एक कॉलेजातली मुलगी आहे आणि एक शेतकरी, जे फक्त मोबाइलवर फोटो काढतात. प्रत्येकाने दोन प्रिंट आणायचे, इतकाच नियम. त्या बैठकीत पाहिलेले एक चित्र सांगतो.

चित्रकलेच्या सरांनी कवडीपाटचा फोटो आणला होता. पहाटेची वेळ, जुना बंधारा, मागे झाडांची काळी रेघ आणि पाण्यावर पांढऱ्या धुक्याचे तरंगते पट्टे. जणू हिमालयातले एखादे सरोवर. ट्रायपॉड लावून, भिंगावर काळी काच चढवून, वीस-तीस सेकंद शटर उघडे ठेवून तो काढलेला होता. इतका वेळ शटर उघडे राहिले की हलते पाणी गुळगुळीत दिसते आणि पाण्यावरून वाहणाऱ्या वस्तूंच्या रेघा होतात. तांत्रिक बाजूने फोटोत खोट काढायला जागा नव्हती. क्षितिज सरळ, उजेड-सावली नेमकी. सगळ्यांनी ‘वा’ म्हटले.

शेतकरी मात्र गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘सर, हे धुकं नाही. हा फेस आहे. आमच्या उसाला हेच पाणी आहे.’

खोलीत शांतता पसरली. कारण ते खरे होते. शहराचे सांडपाणी नदीत येते, त्यात कपडे-भांडी धुण्याच्या साबणांचा अंश असतो आणि बंधाऱ्यावरून पाणी खाली आदळले की त्यात हवा मिसळून फेसाचे ढीग होतात. प्रवाहाबरोबर ते संथपणे सरकतात. वीस सेकंदांच्या शटरने त्या फेसाचे धुके करून टाकले होते. कॅमेरा खोटे बोलला नव्हता, पण पाहणाऱ्याची फसगत झाली होती.

पुढे जे झाले, ते मला महत्त्वाचे वाटते. सर रागावले नाहीत, ‘कलेत एवढे चालते’ असेही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, ‘मग काय करू?’ पुढचे काही रविवार ते पुन्हा तिथे गेले. या वेळी शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. फेसाचा प्रत्येक बुडबुडा दिसू लागला, बंधाऱ्याला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, जलपर्णी, सगळे आले. पुढच्या बैठकीत रेल्वेवाले काका म्हणाले, ‘आता हा बातमीतला फोटो झाला. सकाळ कुठे गेली?’ तेही खरे होते. घाण दाखवायच्या भरात तिथला उजेड हरवला होता आणि तो उजेडही तिथे असतोच. मुळा-मुठा पूर्वेकडे वाहते. सकाळी प्रवाहाच्या दिशेने कॅमेरा धरला की सूर्य समोर येतो. कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘समोरच्या उन्हात फेस कसा दिसेल?’

तिसऱ्या खेपेचा फोटो डिसेंबरातला, सात-सव्वासातच्या सुमाराचा. सरांनी काठावर थोडे उंच उभे राहून समोरचे ऊन घेतले. फेस सोन्यासारखा चमकतोय आणि त्या फेसातून एक शेकाट्या आपले लांब गुलाबी पाय उचलत चालला आहे. पहिल्या नजरेला चित्र सुंदर दिसते. दुसऱ्या नजरेला कळते की हे काय आहे, आणि मग नजर तिथून हलत नाही. तीन महिने, तीन फोटो आणि तीन माणसांची तीन वाक्ये. एकट्याने सर तिथे पोचले असते का? पोचले असतेही. पण पहिल्याच फोटोला नुसते ‘वा’ मिळाले असते, तर पोचायची गरजच त्यांना वाटली नसती.

यातून एक गोष्ट निघते. फोटो दाखवायला दोन प्रकारची माणसे लागतात. एक, ती जागा ओळखणारा. तुमचा फोटो त्या जागेशी प्रामाणिक आहे की नाही, हे तो सांगतो. दुसरा, त्या जागेचे नावही न ऐकलेला. तुमचा फोटो तुमच्या आठवणीच्या आधाराशिवाय उभा राहतो की नाही, हे त्याच्याकडून कळते. पहिलाच असला तर गावातल्या गावात कौतुक होते. दुसराच असला तर फेसाचे धुके खपून जाते.

दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे एक उदाहरण रामदऱ्याचे. तिथे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण मंदिराचा समोरून एकच फोटो काढतो. वर मंदिर, खाली पाण्यातले प्रतिबिंब आणि मधोमध कापल्यासारखी काठाची रेघ. त्या जागेवर श्रद्धा असलेल्याला तो फोटो पुरतो. पण बाहेरगावचा माणूस विचारतो, ‘मंदिर पाहू की प्रतिबिंब? दोघांना सारखीच जागा दिली आहेस. तुला काय आवडले होते?’ हा प्रश्न फार मोलाचा आहे. प्रतिबिंब आवडले असेल तर कॅमेरा पाण्याच्या अगदी जवळ न्या, आकाश कमी करा. आणि एक लक्षात ठेवा, पाण्यातले आकाश वरच्या आकाशापेक्षा नेहमी गडद असते. दोन्ही एकाच चौकटीत धरले की एक पांढरेफटक तरी पडते, नाही तर दुसरे काळे. असा तांत्रिक सल्ला पुस्तकातही मिळतो. ‘तुला काय आवडले होते’ हा प्रश्न मात्र समोरचा माणूसच विचारू शकतो.

तिसरे उदाहरण पालखीचे. ज्येष्ठ वद्यात सोलापूर रस्त्यावर माणसांचा पूर लोटतो, वर पावसाळी आभाळ भरून आलेले असते. एवढा सोहळा समोर असला की सगळेच चौकटीत हवेसे वाटते. दिंड्या, पताका, विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या, आभाळ. मग फोटोत सगळे असते आणि काहीच नसते. आमच्या झेरॉक्सवाल्या मित्राने अशा एका प्रिंटवर कागदाचे दोन कोन ठेवले. ‘एल’ अक्षरासारखे कापलेले पुठ्ठ्याचे हे दोन तुकडे सरकवत गेले की मोठ्या चित्रातले लहान चित्र शोधता येते. डावीकडच्या एका कोपऱ्यात वाट सोडून शेताच्या बांधावर टेकलेली दोन वारकरी माणसे आणि त्यांच्यामागे क्षितिजापर्यंत गेलेली पताकांची रांग सापडली. फोटो काढणाऱ्याला ती माणसे तोवर दिसलीच नव्हती. पुठ्ठ्याचे हे तुकडे घरच्या घरी करता येतात, आणि त्यांनी जे शिकवले ते महागड्या भिंगाने शिकवले नसते.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’. छायाचित्रणाची कला जगात जाहीर होऊन तेव्हा पंधराच वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेतले एक नामांकित छायाचित्रकार. पुढे १९३७ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली. गावोगावच्या कॅमेरा क्लबांनी आणि प्रदर्शनांनी कितीतरी हौशी माणसे घडवली. मात्र स्पर्धा आणि टीका यांत फरक आहे. स्पर्धेत परीक्षकासमोर चित्र काही सेकंद येते, तो गुण देतो आणि पुढचे चित्र येते. फोटो निवडला गेला की नाही एवढे कळते, का ते कळत नाही. ‘का’ कळण्यासाठी निवांत बसलेले सोबती लागतात.

अमेरिकेतले निसर्गचित्रणाचे मोठे नाव म्हणजे ॲन्सेल ॲडम्स. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आणि एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम अशा सोबत्यांनी मिळून एक गट केला. छायाचित्राने चित्रकलेची धूसर नक्कल करू नये, कॅमेऱ्याला जे स्वच्छ दिसते ते स्वच्छ दाखवावे, हा त्यांचा आग्रह. याच ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला आणि पुढची कित्येक वर्षे त्याच निगेटिव्हचे प्रिंट ते पुन्हा पुन्हा करत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळे होत गेले. एवढा नावाजलेला माणूससुद्धा आपले चित्र संपले असे मानत नव्हता. मग आपण आपला फोटो पहिल्याच दिवशी पूर्ण का समजावा?

आता ज्यांना असे काही सुरू करायचे असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

फोटो कागदावर आणा. मोबाइलच्या पडद्यावर चित्र लहान आणि चमकदार दिसते, दोष झाकले जातात. साधा सहा बाय आठचा प्रिंट टेबलावर ठेवला की सगळे एकाच वेळी, एकाच उजेडात पाहतात. नाव मागे लिहा. कोणाचा फोटो हे ठाऊक नसले की जिभेवरचे अर्धे साखरपाणी आपोआप कमी होते.

ज्याचा फोटो आहे त्याने पहिली पाच मिनिटे बोलायचे नाही. हा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत गुणकारी. ‘त्या दिवशी ढग होते’, ‘पुढे काटे होते म्हणून जवळ जाता आले नाही’, ही वाक्ये फोटोबरोबर प्रदर्शनात टांगता येत नाहीत. बघणाऱ्यांनी आधी नुसते दिसते ते सांगावे. नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे सरकली, कुठे अडखळली. आवडले-नावडले नंतर.

टीका करणाऱ्यानेही पथ्य पाळावे. फोटोवर बोला, माणसावर नको. कॅमेऱ्याच्या किमतीवर तर मुळीच नको. नियमांची काठी घेऊन बसू नका. विषय चौकटीच्या तिसऱ्या भागावर असावा, हे नवशिक्याला उपयोगी पडते, पण रामदऱ्यासारख्या जागी मधोमध ठेवलेले मंदिरच कधी कधी योग्य दिसते. आणि सगळ्यांत मोठा धोका म्हणजे ‘मी असतो तर असा काढला असता’. तुम्ही तिथे नव्हता. त्याला जे सांगायचे आहे ते अधिक नीट कसे सांगता येईल, एवढेच बघा. काही जणांना टीका म्हणजे आपली हुशारी दाखवायची संधी वाटते, काहींच्या बोलण्यात असूया असते. अशी बैठक महिन्या-दोन महिन्यांत आपोआप मोडते आणि ती मोडलेलीच बरी.

चौथी गोष्ट टीका घेणाऱ्यासाठी. सगळ्यांचे सगळे ऐकून प्रत्येक फोटो बदलत बसलात, तर तुमचे चित्र कोणाचेच राहणार नाही. मग ऐकायचे किती? माझा अनुभव असा की बघणारा जे कारण सांगतो ते चुकीचे असू शकते, पण तो जिथे अडखळला ती जागा सहसा खरी असते. एक म्हणेल, आभाळ जास्त आहे. दुसरा म्हणेल, खाली काहीतरी हवे. तिसरा म्हणेल, रंग फिके आहेत. तिघेही एकाच कोपऱ्याबद्दल बोलत असतील, तर तिथे काहीतरी बिघडले आहे एवढे नक्की. काय बिघडले, ते शोधायचे काम तुमचे. लिहून ठेवा, आठवडाभर तो प्रिंट भिंतीवर लावा आणि मग त्याच जागी पुन्हा जा. नवी जागा शोधण्यापेक्षा जुन्या जागी पुन्हा जाण्याने माणूस अधिक शिकतो.

कोणी म्हणेल, हौसेच्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? हौस आहे म्हणूनच. पण याहूनही मोठे एक कारण आहे.

लोणी काळभोरला राजबाग आहे. राज कपूर यांची ही शेतीवाडी होती. १९७८ साली आलेल्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या त्यांच्या चित्रपटाचे चित्रण इथे झाले. सिनेमाला खोटे देऊळ उभे करण्याचा, नकली पूर आणण्याचा हक्क असतो. ही गोष्ट आहे, हे तिकीट काढतानाच आपल्याला माहीत असते. निसर्गाचा फोटो मात्र बघणाऱ्याला सांगतो की ही जागा अशी होती. शहर पूर्वेकडे झपाट्याने सरकते आहे. आजच्या शेतात उद्या इमारत असेल, आजचा ओढा उद्या पाइपात असेल. आपल्या नातवंडांना आजचे लोणी, आजची मुळा-मुठा कशी होती, हे सरकारी कागदांपेक्षा आपल्या फोटोंतून जास्त कळणार आहे. आपण विजेच्या तारा पुसल्या, टाक्या कापल्या, फेसाचे धुके केले, तर त्यांच्या हाती एक सुंदर थाप पडेल. नुसता कचरा दाखवला, तर या नदीवर कोणाचा जीव होता, हेही त्यांना कळणार नाही. दोन्ही सांगणारा फोटो अवघड असतो, आणि तो एकट्याला जमणे त्याहून अवघड.

म्हणून एवढेच सुचवतो. या आठवड्यात आपला सर्वांत आवडता फोटो निवडा. त्याचा प्रिंट काढा. तो दोघांना दाखवा, एक त्या जागेचा जाणकार आणि एक अगदी अनोळखी. ‘कसा आहे’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. विचारा, ‘यात तुम्हाला काय दिसते?’ आणि मग पाच मिनिटे गप्प बसून ऐका.